मराठी शब्दमेघाची लायब्ररी पॅकेज करताना: मात्रा, फॉन्ट आणि शाळेतली लॅब

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण गेले तीन आठवडे याच कामात आहे आणि आता अनुभवी माणसांची मदत हवी आहे.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीकडच्या मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारून २०१९ च्या पुराच्या आठवणी लिहून काढल्यात. काहींनी फोनवर टाईप केल्या, काहींनी शाळेच्या संगणकावर. त्या सगळ्या मजकुराचा एक मोठा शब्दमेघ करून वर्गाच्या भिंतीवर लावायचा, असं बाईंनी ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. जो शब्द जास्त वेळा, तो मोठा.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत यासाठी आंद्रेयास म्युलर यांची वर्डक्लाउड लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, एमआयटी या मुक्त परवान्याची. मी तीच घेतली, देवनागरी फॉन्ट दिला, मजकूर ओतला. चित्रात आली सुटी अक्षरं. र, त, न, क. मला वाटलं एकेका अक्षराचे शब्द गाळले की झालं, म्हणून शब्दाची किमान लांबी दोन केली. सुटी अक्षरं गेली आणि चित्राच्या मधोमध आलं "चग".

हे "चग" काय, हे शोधायला एक रात्र गेली. पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) शब्दातलं अक्षर म्हणून जे चिन्ह आहे, त्यात आपल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. "पंचगंगा" तुटून प, चग, ग. एकेरी अक्षरं गाळली की उरतं फक्त "चग". "कोल्हापूर" तर पूर्ण नाहीसं होतं, कारण त्यात सलग दोन अक्षरं मात्रेशिवाय नाहीत. "पाणी" नाही, "पूर" नाही. पुराच्या आठवणींत पूरच नाही! "घर", "मदत", "छत" तेवढे धड राहिले. "जनावरं"चे "जन" आणि "वर" असे दोन तुकडे झाले.

म्हणून मी तिच्यावर आपली एक छोटी लायब्ररी लिहिली. ती शब्द स्वतः तोडते, मोजते आणि मूळ लायब्ररीला फक्त शब्द व त्यांची संख्या देते. मांडणीचं काम मूळ लायब्ररीच करते. स्टॉपवर्डची, म्हणजे गाळायच्या किरकोळ शब्दांची, यादी मराठी आहे. उभे शब्द बंद केलेत, कारण मूळ लायब्ररी साधारण दहातला एक शब्द उभा लावते आणि शिरोरेषा उभी झाली की लहान मुलांना वाचता येत नाही.

माझ्या लॅपटॉपवर (उबुंटू लिनक्स) सगळं सुंदर चाललं. पॅकेज करून पायपीआयवर (पायथॉनची पॅकेजं ठेवायची जाहीर जागा) टाकलं, शाळेच्या लॅबमध्ये विंडोजवर पिपनं (तिथून पॅकेज उतरवून बसवणारी कमांड) बसवलं, आणि तिथं तीन गोष्टी झाल्या:

आधी स्टॉपवर्डची फाईल सापडत नाही म्हणून प्रोग्राम पडला. फाईल हातानं ठेवल्यावर चाललं, पण चित्रात सगळ्यात मोठा शब्द "आणि". यादीत पहिल्याच ओळीवर "आणि" आहे, तरी! आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. "चिखली" हा शब्द "चखिली" असा दिसत होता. "रस्ता" मध्ये स चा पाय मोडलेला, "रस्‌ता". गावच्या मुलांना त्यांच्याच गावाचं नाव असं दाखवायचं? मी प्रोजेक्टर बंद केला.

फॉन्ट तोच, पिलोची (मूळ लायब्ररी चित्रात अक्षरं काढायला वापरते ती लायब्ररी) आवृत्ती तीच. मग असं का? आणि बाईंनी एक कमांड मारली की सगळं नीट यावं, असं पॅकेज करायचं कसं?

---

उद्यमनगर_लेथ | रविवार, रात्री १०:०२

ताई, काम लई भारी हाती घेतलंय. पहिल्या गोष्टीचं सांगतो.

व्हील, म्हणजे पिप बसवतं ती पॅकेजची फाईल, ही शेवटी झिप फाईल. उघडून बघा, यादी आत आहे का. माझी खात्री आहे की नसणार. बिल्ड करणारं साधन पायथॉनच्या फाईली आपोआप उचलतं, पण मजकुराच्या फाईली आणि फॉन्ट हे पॅकेजचा भाग आहेत हे पॅकेजची माहिती लिहायच्या पायप्रोजेक्ट फाईलमध्ये वेगळं सांगावं लागतं.

तुमच्याकडं चाललं कारण तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच उभं राहून चालवलं. पायथॉन आधी चालू फोल्डर बघतो, त्याला तिथं मूळ कोड मिळतो, बसवलेल्या पॅकेजला तो हातही लावत नाही. कोड सगळा एसआरसी नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये हलवा, मग ही फसगत होत नाही. आणि तपासणी नेहमी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायरमेंटमध्ये (बाकी पॅकेजांपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत), दुसऱ्याच फोल्डरमधून. आमच्या शॉपमध्ये जॉब आमच्या मापानं बरोबर असून चालत नाही, गिऱ्हाइकाच्या गेजवर बसला पाहिजे. तसंच हाय हे.

आत फाईल वाचताना पाथ जोडत बसू नका, पॅकेजमधली फाईल शोधून देणारं इम्पोर्टलिबचं रिसोर्सेस मॉड्यूल वापरा.

---

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री १०:४०

दादा, उघडून बघितलं. यादी नाही, फॉन्टही नाही. फॉन्टचा पाथ मी लॅबमध्ये वेगळा दिला होता म्हणून ते लक्षात आलं नाही.

दुरुस्त करून तीच ०.१.० आवृत्ती पुन्हा टाकायला गेले तर पायपीआयनं नाकारली. जुनी फाईल काढून टाकली तरी नाकारतंय.

---

उद्यमनगर_लेथ | रविवार, रात्री १०:५५

नाकारणारच. एकदा वापरलेलं फाईलचं नाव पायपीआयवर पुन्हा चालत नाही, काढून टाकलं तरी. नाहीतर काल एकानं उतरवलेली ०.१.० आणि आज दुसऱ्यानं उतरवलेली ०.१.० वेगळी निघायची. आता ०.१.१ काढा. पुढच्या वेळी अशी बिघडलेली आवृत्ती पुसून टाकू नका, "यँक" करा. नेमकी तीच आवृत्ती कुणी मागितली तर मिळते, बाकी पिप ती निवडत नाही. आणि तालमीसाठी टेस्ट पायपीआय आहे, आधी तिथं टाकून बघत जा.

---

गडहिंग्लजचा_डेबियनवाला | सोमवार, सकाळी ७:१५

"चखिली"चं कोडं मला ओळखीचं आहे. यात तुमची चूक नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

युनिकोडमध्ये "चि" साठवताना आधी च, मग वेलांटी. दिसताना वेलांटी आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवणं हे फॉन्ट एकटा करत नाही. फॉन्टमध्ये नियम असतात, ते चालवणारं यंत्र वेगळं असतं. पिलोमध्ये अक्षरं मांडायच्या दोन पद्धती आहेत. एक साधी, जी एकामागून एक अक्षर ठेवत जाते, आणि दुसरी राक्म, जी हार्फबझ नावाच्या त्या यंत्राकडून अक्षरं जुळवून घेते. राक्म मिळाली नाही तर पिलो मुकाट्यानं साधी पद्धत वापरते. म्हणून तुम्हाला काही एरर दिसली नाही, थेट मोडकं चित्र दिसलं.

आता एकाच आवृत्तीत फरक का? पिपवरून येणाऱ्या पिलोच्या व्हीलमध्ये ८.२.० पासून राक्म आहे, पण राक्मला लागणारी फ्रिबिडी नावाची लायब्ररी त्यात नाही. ती मशीनवर असेल तर चालवताना उचलली जाते. उबुंटूच्या डेस्कटॉपवर ती असतेच, कारण खिडक्यांमधला मजकूर रंगवणाऱ्या पँगोला ती लागते. विंडोजवर ती आपोआप नसते. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर ती दुसऱ्याच कुणासाठी आलेली होती आणि तुमचं काम तिच्यावर चाललं होतं. असं अवलंबित्व पॅकेज करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं. लिहिलेलं कुठंच नसतं आणि आपल्या मशीनवर कधीच उघडं पडत नाही. डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये (मोजक्याच फाईली असलेल्या कोऱ्या लिनक्समध्ये) चालवून बघा, लिनक्स असूनही मोडेल.

पिपच्या पॅकेजमध्ये "ही सिस्टीम लायब्ररी हवी" असं लिहून ती बसवून घ्यायची सोय नाही, पिपला फक्त पायथॉनची पॅकेजं कळतात. डेबियन पॅकेजच्या (उबुंटूही तीच वापरतं) कंट्रोल फाईलमध्ये ते एका ओळीत लिहिता येतं. शाळेत उबुंटू असतं तर तुमचं काम त्या एका ओळीत संपलं असतं.

माझा आग्रह एवढाच, की चित्र काढण्याआधी तुमच्या लायब्ररीनं पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला राक्म आहे का हे विचारावं, आणि नसेल तर थांबावं. स्वच्छ मराठीत सांगावं की फ्रिबिडी नाही, अशी अशी बसवा. मोडकं मराठी छापण्यापेक्षा काहीच न छापणं बरं.

---

पंचगंगाकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

वाचून अंगावर काटा आला. तपासलं. माझ्याकडे राक्म "आहे", लॅबच्या मशीनवर "नाही". तीन आठवड्यांचं कोडं एका ओळीत सुटलं. मनापासून आभार.

एक विचारते. मूळ लायब्ररी एसव्हीजीही देते, त्यात शब्द मजकूर म्हणूनच राहतात. मग अक्षरं ब्राउझर जुळवेल, पिलोची गरजच नाही. हा मार्ग चालेल?

---

गडहिंग्लजचा_डेबियनवाला | सोमवार, सकाळी ८:३०

अर्धा चालेल. ब्राउझर अक्षरं बरोबर दाखवेल, पण कुठला शब्द कुठं बसवायचा हे पिलोच्या मापानंच ठरलेलं असतं. साध्या पद्धतीत "रस्ता" जास्त रुंद मोजला जातो, कारण स आणि हलन्त वेगळे धरले जातात. मग मधे रिकाम्या फटी राहतात. मांडणीच्या वेळीच माप बरोबर हवं.

विंडोजसाठी फ्रिबिडीची डीएलएल फाईल सिस्टीम शोधते त्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तुमच्या पॅकेजमध्ये घालून देणार असाल तर तिचा परवाना एलजीपीएल आहे, त्याच्या अटी वाचून घ्या. लॅबमध्ये मशीन थोडी असतील तर हातानं ठेवणं सोपं.

अजून एक. तुमचं व्हील शुद्ध पायथॉनचं, सगळीकडे एकच चालतं. पण मूळ वर्डक्लाउडमध्ये मोकळी जागा शोधणारा भाग सायथॉनमध्ये (आधी मशीनच्या भाषेत बदलावी, म्हणजे कंपाईल करावी लागणारी भाषा) लिहिलेला आहे, वेग हवा म्हणून. तो प्रत्येक सिस्टीमसाठी आणि पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा कंपाईल होतो. लॅबमध्ये कुणी अगदी नवं पायथॉन बसवलं आणि त्याचं व्हील अजून निघालेलं नसलं तर पिप तिथंच कंपाईल करायला बघेल आणि कंपायलर मागेल. कुठल्या आवृत्तीवर तपासलंय ते रीडमीत ठळक लिहा.

---

लक्ष्मीपुरी_छापखाना | सोमवार, दुपारी २:२०

मी डीटीपीवाला, पायथॉन येत नाही. पण फॉन्टचा विषय निघाला म्हणून लिहितो. ताई, पॅकेजमध्ये कुठला फॉन्ट घातलाय?

आमच्या धंद्यात फॉन्ट एकमेकांच्या पेनड्राइव्हवरून फिरतात. विकत घेतलेला फॉन्ट आपल्या मशीनवर वापरायचा हक्क असतो, तो पॅकेजमधून साऱ्या जगाला वाटायचा हक्क नसतो. मुक्त, नोटो, लोहित हे एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याचे आहेत, सॉफ्टवेअरसोबत बिनधास्त देता येतात. फक्त परवान्याची फाईल सोबत ठेवा. आकार कमी करायला फॉन्टमधली अक्षरं काढणार असाल तर आधी परवाना वाचा. कर्त्यानं नाव राखून ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही.

आणि कुणी जुन्या श्रीलिपीतला मजकूर आणून दिला तर तो तसाच ओतू नका. तिथं आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फॉन्ट मराठी दाखवतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

---

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

काका, मुक्तच घातलाय, पण परवान्याची फाईल ठेवली नव्हती. आता ठेवली.

"आणि"चाही छडा लागला. यादी मी शाळेतल्या जुन्या नोटपॅडमध्ये सुधारली होती. त्यानं फाईलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी एक खूण घातली. त्यामुळे पहिल्या ओळीवरचा शब्द "आणि" नव्हताच, खूण अधिक "आणि" होता! यादीतले बाकी सगळे गाळले गेले, पहिला तेवढा सुटला. आता ती खूण सोडून यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) वाचायचं असं कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय. विंडोजवर एन्कोडिंग न सांगता फाईल उघडली तर पायथॉन सिस्टीमचं जुनं एन्कोडिंग धरतो, हेही याच निमित्तानं कळलं.

शब्द तोडण्यातही एक राहिलं होतं. मी रेजेक्समध्ये देवनागरीचा युनिकोड पट्टा दिला होता, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत. तरी काही मुलांच्या लिखाणात "दुसऱ्या" तुटून "दुसर्" आणि "या" होत होतं. कारण "ऱ्या" दोन तऱ्हेनं टाईप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक. तो जोडक या पट्ट्याच्या बाहेरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. आता आधी सगळे एका रूपात आणते, मग मोजते. उलट त्याच पट्ट्यात दंड आणि आकडे येतात, ते वगळले.

---

शाहूपुरी_मराठी | मंगळवार, सकाळी ११:००

मी निवृत्त मराठी शिक्षक. तांत्रिक भाग नातवाकडून समजून घेतला. मला शब्दांच्या यादीबद्दल विचारायचं आहे. ही मुलं आजी-आजोबांचं बोलणं लिहितात, तर "हाय", "व्हतं", "न्हाई", "आन", "लई" यांचं काय केलंत?

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

सर, नेमकं तिथंच अडले आहे. यादी प्रमाण मराठीची आहे, त्यामुळे "होतं" गाळलं जातं आणि "व्हतं" चित्रात ठळक येतं. मी "व्हतं"ला "होतं" करून टाकावं का, असा विचार होता.

---

शाहूपुरी_मराठी | मंगळवार, दुपारी ४:४०

बदलू नका. गाळायचं तर "व्हतं" म्हणूनच गाळा. "व्हतं" ही चूक नाही, त्या आजीचा शब्द आहे. आपल्या साधनानं तो मूळ मजकुरात दुरुस्त करायला घेतला तर उद्या "वैरण", "परडं", "माळवं" यांनाही कुणी प्रमाण प्रतिशब्द लावेल, आणि चित्रातून कोल्हापूर जाईल. पुरात गेलेलं परडं "परसबाग" म्हणून दाखवू नये.

बोलीतल्या अशा कार्यशब्दांची यादी वेगळ्या फाईलमध्ये करा. ज्याला हवी त्यानं ती जोडावी. विदर्भातल्या, कोकणातल्या लोकांना त्यांची भर घालता येईल. आमच्या भागाची पहिली यादी मी लिहून देतो.

---

रंकाळा_बीई | मंगळवार, रात्री ८:१०

मी कॉलेजला आहे, नवीन आहे. एक सुचवू का? "पाणी", "पाण्यात", "पाण्यानं", "पाण्याखाली" हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणून "पाणी" लहान दिसतं. शेवटचे प्रत्यय कापून टाकले तर? त, नं, ला, चा, ची. कोड दहा ओळींचा आहे, मी लिहितो.

---

शाहूपुरी_मराठी | मंगळवार, रात्री ९:००

बाळा, शेवटचा त कापलास तर "मदत"चं "मद" होईल, "परत"चं "पर", "शेत"चं "शे" आणि "छत"चं नुसतं "छ". आणि "पाण्यात"चा त कापून "पाण्या" उरतं, "पाणी" होत नाही. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. "पूर"चं "पुरात" होताना ऊकारही ऱ्हस्व होतो. कापणं सोपं, मूळ शब्दाकडे परत येणं अवघड.

---

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, रात्री ९:२५

भावा, उत्साह ठेव. दहा ओळींचा कोड नको, एक तक्ता कर. डावीकडं रूप, उजवीकडं मूळ शब्द. मजकुरात जास्त वेळा आलेली शे-दोनशे रूपं हातानं भरली तरी चित्र पालटतं, कारण मूळ लायब्ररी चित्रात नुसते दोनशेच शब्द घेते. तक्ता पॅकेजमध्ये घाल, पण वापरणाऱ्यानं मागितला तरच लागू होऊ दे.

---

रंकाळा_बीई | मंगळवार, रात्री ११:५०

सुरुवात केली. "पाणी"ची चौदा रूपं सापडली. "पूर"ची करतोय. "पुरा" कुठं घालू? कुणी "गाव पुरा बुडाला" लिहिलंय.

---

शाहूपुरी_मराठी | बुधवार, सकाळी ६:३०

"पुरा" तक्त्यात घालू नकोस. तो तसाच राहू दे.

---

पंचगंगाकाठ | शनिवार, संध्याकाळी ७:००

आज लॅबमध्ये जाऊन आले.

०.१.२ आवृत्ती टाकली. यादी, बोलीची फाईल, तक्ता, फॉन्ट आणि त्याचा परवाना सगळं व्हीलमध्ये आहे, झिप उघडून दोनदा बघितलं. राक्म नसेल तर लायब्ररी थांबते आणि मराठीत सांगते. पहिल्या मशीनवर ती तशी थांबली तेव्हा मला आनंदच झाला. डेबियनवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे फ्रिबिडीची फाईल सगळ्या मशीनवर ठेवली. मग बाईंनी स्वतः कमांड मारली. मी बाजूला उभी होते.

"पाणी" मधोमध आलं, सगळ्यात मोठं. शेजारी "पंचगंगा", अखंड. "जनावरं", "म्हस", "होडी", "अंधार", "वैरण". चिखलीची मुलगी उठून पडद्याजवळ गेली आणि "चिखली"वर बोट ठेवलं. वेलांटी बरोबर जागी होती.

मग एका मुलानं विचारलं, "मॅडम, 'वर' कुठं हाय?" मला कळेना. तो म्हणाला, सगळ्यांनी तेच तर लिहिलंय. धान्य वर टाकलं, आजीला वर नेलं, माळ्यावर जागा न्हवती म्हणून पत्र्याच्या वर बसलो, पाणी अजून वर आलं. मजकुरात शोधलं तर खरंच, सुटा "वर" जागोजागी. स्टॉपवर्डच्या यादीत तो होता म्हणून गाळला गेला होता. पहिल्या मोडक्या चित्रात "वर" दिसत होता, तेव्हा मी तो "जनावरं"चा तुकडा समजून सोडून दिला होता. काही तुकडे होतेच, पण सगळे नव्हते.

तिथंच बसून यादीतून "वर" काढला आणि पुन्हा चालवलं. "पाणी"च्या खालोखाल "वर" आला. मुलं "हां, आता!" म्हणाली.

०.१.३ आज रात्री टाकते. बदलांच्या नोंदीत एकच ओळ आहे: स्टॉपवर्डच्या यादीतून "वर" काढला. शाहूपुरीच्या सरांना विचारायचं होतं, "खाली"ही काढू का?